व्याहीभेट

“बनियन उलटं घाला, शिवण बाहेर राहू द्या,” सुरेखा म्हणाली. नवऱ्याच्या नव्या शर्टाची बाही तिनं इतकी हळू सरकवली, जणू तान्ह्या पोराला झबलं घालतेय. तरी गोकुळनं दात आवळलेच.

नागीण येऊन गेली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, डावी छाती आणि पाठ आता वरवर बरी दिसत होती. ठणका तेवढा मुक्कामाला राहिला होता. चिकलठाण्याच्या कंपनीत त्याला लोक म्हणत, “जखम कुठाय ती दाखव की!” दाखवायला काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

चूक घरादाराची होती. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातं, या धाकानं सगळे रोज त्याची पाठ बघत बसले, एका म्हाताऱ्याकडून अंगाला काव, म्हणजे तांबडी माती, लावून घेतली आणि दवाखान्याची आठवण फार उशिरा झाली. नस दुखावली आहे, गोळ्या चालू ठेवा, महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेकीच्या लग्नाची तारीख काही महिने थांबणार नव्हती.

“नानासाहेबांना सांगू का? नुसता रामराम घाला म्हणावं,” सुरेखानं विचारलं.

“नाय. भर मांडवात व्याह्याला आंगाला हात लावू नका म्हणायचं? पोरीच्या बापाला कायतरी लागणीचं दुखणं हाय, म्हणतील. तनुजाला जलमभर ऐकावं लागंल.”

तनुजाचे होणारे सासरे, करमाडचे नानासाहेब म्हणजे दांडगा गडी. थोरल्या लेकाच्या लग्नात त्यांनी व्याह्याला उचलून गरकन फिरवलं होतं आणि तो व्हिडिओ ते अजून पाहुण्यांना दाखवत. गोकुळलाही दाखवला होता. तो हसला होता आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती.

दारात नवरीच्या साडीतली तनुजा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“पप्पा, मी बोलते त्यांच्याशी.”

“बोललीस तर माझी शपथ हाय तुला.”

मुकुंदवाडीच्या मंगल कार्यालयात माणूस मावत नव्हता. फेटे बांधून झाले, गुलाल लागला. “या व्याही!” म्हणत नानासाहेबांनी गोकुळला कवेत घेतलं आणि अलगद वर उचललं. बँड जोरात वाजला, लोकांनी टाळ्या पिटल्या. छातीवर कुणी निखारे दाबून धरलेत असं गोकुळला वाटलं. तो ओरडला नाही. डोळ्यांना मात्र कुणाची शपथ ऐकू येत नाही, ते घळघळा वाहू लागले.

नानासाहेबांनी त्याला घाईनं खाली ठेवलं.

“लेकीचा बाप हाय हो! रडा, मोकळं व्हा. लेकीवानी सांभाळीन तिला.”

“व्हय,” गोकुळ कसाबसा म्हणाला.

“साहेब, मधी पाव्हणे आले,” फोटोवाला ओरडला. “फोटो नाय निघाला. अजून एकदा!”

“ऱ्हाऊ दे रे,” नानासाहेब म्हणाले. “लई भरून आलंय त्यांला.”

तनुजा पुढे यायला निघाली. गोकुळनं नजरेनंच तिला थांबवलं. लोक बघत होते, आणि गळाभेटीचा फोटो नसलेलं लग्न त्याला लेकीच्या वाट्याला द्यायचं नव्हतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“घ्या फोटो,” तो म्हणाला, आणि या वेळी त्यानं स्वतःच हात पसरले.