सोमवारच्या स्वामींचा फोटो

पहिली काच

“हलू नको रे! श्वास धर!”

काळ्या कापडाखालून फोटोग्राफर बब्रुवान ओरडला आणि पंचाक्षरी खुर्चीत ताठ झाला. अंगात शाळेची शेरवानी. ती एकच, मॅट्रिकच्या सगळ्या मुलांनी आळीपाळीनं घालायची. डोक्यावर गोंड्याची लाल रूमी टोपी. साल एकोणीसशे त्रेचाळीस, निजामाचं राज्य. बब्रुवान सोलापूरहून आलेला. उस्मानाबादेत तो कुणालाच ओळखत नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“अरे, टोपी वाकडी झालीया की! इकडं बघ!”

पंचाक्षरीनं मान वळवली. हात टोपीकडं गेला.

शांताक्का त्याच्याशी बोलत नव्हती. पुढच्या पाळीसाठी उभ्या असलेल्या आपल्या मुलाशी, विरुपाक्षाशी बोलत होती. पदराचं टोक थुंकीनं ओलं करून त्याचा गाल पुसत होती. “म्हशीवानी उभा ऱ्हातूस नुसता! शाई कशाला फासलीस रं तोंडाला?”

“गेली फोटोची काच वाया!” बब्रुवान बाहेर आला. “येड्या, काय सांगितलं हुतं तुला? लढाईच्या दिवसांत काचा काय झाडाला लागत्यात व्हय? कान उपटू का?”

पंचाक्षरी हसला. सगळे दात दिसतील इतका.

“अवो, काय बोलताव हे!” शांताक्का धावत आली. “स्वामी हायती ते. जंगम, आमचं गुरू. दर सोमवारी पाय धुतो आमी त्येंचं.”

बब्रुवाननं स्वतःचेच कान धरले. “गलती झाली, स्वामी. वळकलं न्हाय. जरा… नीट बसता का?”

दुसऱ्या काचेवर पंचाक्षरी हसलेला नाही.

ज्याची काच नाही

उमरग्याकडचं गाव. पटकीची साथ. आठ दिवसांत आई आणि वडील. तो नऊ वर्षांचा.

जंगमाचं पोर म्हणून उस्मानाबादेच्या मठानं ठेवून घेतलं. जेवायला सात वारांची सात घरं. प्रत्येक घरी पाट, विभूती, तांब्याभर पाणी. त्यातल्या एका घरचे सत्तरीचे कल्याणप्पाही वाकून त्याच्या पायाला हात लावायचे. आधी तो जेवायचा, एकटा. घरची माणसं मागून, एकत्र. तो ओसरीवर हात धुऊन चप्पल शोधत असायचा तेव्हा आतून भाकरीवरची भांडणं ऐकू यायची.

“अजून वाढू का, स्वामी?” सातही घरांत हेच.

पुरे आता, पोट फुटंल, असं सात वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

दुसरी काच

“फोटोच्या कापी किती?” बब्रुवान एकेकाला विचारत होता.

“चार,” विरुपाक्ष म्हणाला. “एक सासुरवाडीला.”

“लगीन कुठं ठरलंय तुझं?”

“फोटो बघून ठरंल.”

“मग न्हायच ठरत!” पोरं खिदळली.

पंचाक्षरी म्हणाला, “एक.”

“कुठं द्यायची, स्वामी?”

“घरी.”

शब्द तोंडून गेला. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं: शांताक्काच्या सोप्यात, भिंतीवर. तिथं तिच्या थोरल्याचा मॅट्रिकचा फोटो आहे. शेजारी विरुपाक्षाचा लागेल. त्याच्या शेजारी आपला. तीच शेरवानी, तसलीच टोपी. नवख्या माणसानं भिंतीकडं बघून विचारावं, अक्का, ह्यो कितवा?

सोमवार

पाय धुऊन झाले. जेवण झालं. त्यानं कागदातून फोटो काढला.

“अक्का, हा तिथं लावा. विरुपाक्षाच्या शेजारी.”

“आगं बया! लई ग्वाड दिसताव की!” ती म्हणाली. मग जीभ चावून तिनं फोटो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. “पोरांच्यात कसा लावू, स्वामी? तिथं चपला काढत्यात, चेंडू मारत्यात.”

ती देवघरात गेली. देवांच्या रांगेत फोटो टेकवला. तीन बोटांनी त्याच्या कपाळावर विभूती ओढली. वर एक कण्हेरीचं फूल ठेवलं.

तो दारातून बघत होता.

“अक्का, मॅट्रिक झालो की मी हैदराबादला जाणार. परत इकडं येणं व्हईल, न व्हईल.” “एकदा मला अरे म्हणा. पंचाक्षरी म्हणा. रागवून म्हटलं तरी चालंल.”

“शिवशिव! असं बोलू नगा. पाप लागंल माझ्या लेकरांना.”

तो उभाच राहिला. शांताक्कानं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तिचे ओठ हलले. आत विरुपाक्ष “आई, भाकर!” म्हणून ओरडला. ती घाईघाईनं वाकली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यानं नेहमीसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस चुलीजवळ बसून ऊन झाले होते.

“कल्याण असो,” तो म्हणाला.

आशीर्वाद देऊन झाला होता. हात त्यानं लगेच उचलला नाही.