भिंतीवरची मान

अठरा वर्षं दुसऱ्यांच्या शर्टांच्या कॉलरी शिवून तिची स्वतःची मान आखडली, यात नवल ते काय! उजवीकडे बघायचं तर अख्खी बाईच वळायची. शेजारच्या मशीनवर तिची धाकटी जाऊ बसायची. ती म्हणायची, "जाऊबाई, तुम्हाला हाक मारायची तर आधी जागा मोकळी करावी लागते." दोघी हसायच्या.

तिला आता एकच हवं होतं, तपासणीच्या टेबलावर बदली. तिथली एक जागा नुकतीच रिकामी झाली होती. उभ्याचं काम, मान सरळ.

तेवढ्यात कारखान्यात व्यायाम आला. मोठं गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं ना! अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं मशीन बंद. हनुवटी छातीकडे, मग कान खांद्याकडे, सावकाश, झटका द्यायचा नाही. ती दोन मिनिटं कापली जेवणाच्या सुट्टीतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पण खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायचं. मेलं हे अठरा वर्षांपूर्वी का नाही शिकवलं, असं वाटून रागही यायचा.

गिऱ्हाइकाला दाखवायला व्यायामाचा फोटो काढायचा दिवस आला तेव्हा सुपरवायझरने तिलाच पुढे बसवलं. "ताई, कान अजून खाली. आणि जरा हसा की!"

कळ थेट कोपरापर्यंत गेली. पण बदली याच्याच हातात, हसायला काय जातंय? ती दात दिसेपर्यंत हसली. तो फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागला, चांगला हातभर मोठा.

गिऱ्हाईक येऊन गेल्यावर ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सुपरवायझरकडे गेली. त्याने चिठ्ठी वाचली आणि भिंतीकडे बोट केलं.

"ताई, व्यायामाने यांची मान बरी झाली, असं मी कालच पाहुण्यांना सांगितलंय. आता मानेसाठी तुम्हाला हलवलं तर मी तोंडघशी नाही का पडणार?"

"अहो, तेव्हाही दुखतच होतं."

"मग हसलात कशाला?"

तुमच्यासाठीच हसले, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. उद्याही त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं.

ती जागेवर येऊन बसली. जावेने विचारलं, "झाली का बदली?"

उत्तर द्यायला ती अख्खी वळली.

"माझी मान बरी झालीये म्हणे," ती म्हणाली, आणि पुढची कॉलर सुईखाली सरकवली.