‘दूरतारा’चं दार

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी ‘दूरतारा’ ही मालिका सतरा वर्षांनी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला जेबा ताडकन उठून उभी राहिली.

“दाराचा आवाज कुठी गेला?”

अंतराळयानाचं दार उघडलं होतं, धूर निघाला होता, कॅप्टन बाहेर आला होता. पण सगळं मुकाट्यानं. जेबाच्या लहानपणी दर भागाच्या सुरुवातीला ते दार खर्रर्र करत उघडायचं आणि अंगावर काटा यायचा. आवाज नसल्यानं धुरातून येणारा कॅप्टन न्हाणीघरातून निघालेल्या माणसासारखा दिसत होता.

जेबा राजापेठेत गणिताचे क्लास घ्यायची. चुकीचं उत्तर खोडल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. शिवाय ती ‘दूरतारा मंडळा’ची अध्यक्ष होती. मंडळाचा दुसरा खांब म्हणजे तिच्याच गल्लीत वाढलेला, आता हार्डवेअरचं दुकान चालवणारा गोवर्धन. दोघांनी मिळून वाहिनीला इतके फोन केले, की तिथली मुलगी जेबाचा ‘हॅलो’ ऐकूनच म्हणायची, “दार ना? सांगितलंय मी वर.”

तेवढ्यात बातमी लागली, की मालिकेचं चित्रीकरण भातकुलीजवळच्या एका शेतात चाललंय.

“आता तोंडावरच सांगू,” जेबा म्हणाली आणि गोवर्धनच्या स्कूटरवर मागे बसली.

शेत काळ्या मातीचं होतं. उन्हानं जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. बांधावर निंबाच्या सावलीत शेताची मालकीण आशाबाई बसली होती. दोघांना पाहून ती पदर सावरत उठली.

“पाहणीवाले का? सांगा, भेगेत हात घालून उभी राहू का बसून? मागचे आले थे त्याइनं बसून घेतला फोटो.”

त्या वर्षी वऱ्हाडात दुष्काळाची पाहणी पथकं आणि बातम्यांचे कॅमेरे इतके येऊन गेले होते, की आशाबाईला कुठल्या कोनातून सूर्य डोळ्यावर येतो तेही पाठ झालं होतं.

“पाहणीवाले नाही मावशी,” जेबा म्हणाली. “आमी मालिकेवाले. म्हणजे मालिका पाहणारे.”

“म्हंजे पाहणीवालेच,” आशाबाई म्हणाली आणि पुन्हा बसली.

शेताच्या मध्यभागी चंदेरी रंगाचं यान उभं होतं. त्याच्या सावलीत चहा पीत असलेला दिग्दर्शक निघाला अकोल्याचा. दानियाल नाव, वय यांच्याएवढंच. बातम्यांमध्ये हे शेत पाहून त्याला वाटलं होतं, परका ग्रह असावा तर असा.

“ग्रह लाल होता,” जेबानं सुरुवातच केली. “तुमी काळा काहून केला?”

“मी काय केला? जमीनच काळी हाय.”

“रंग मारा ना मंग,” गोवर्धन म्हणाला. “लाल ऑक्साइड देतो मी दुकानातून.”

बांधावरून आवाज आला, “माह्या वावराले रंग लावशीन तं तंगडं मोडीन!”

लाल ग्रहाचा मुद्दा तिथेच संपला. जेबा दारावर आली. दानियालनं कप खाली ठेवला.

“मॅडम, तो आवाज मलेबी आठवते. त्याच्यासाठीच तं मी ह्या धंद्यात आलो. पण जुन्या टेपवर तो हायेच नाही.”

“टेप खराब असंल.”

त्यानं लॅपटॉप उघडून जुना पहिला भाग लावला. शीर्षकाचं संगीत वाजलं. कॅप्टनच्या बुटांची टकटक स्पष्ट ऐकू आली, त्याचा खोकलाही ऐकू आला. दार मात्र गुपचूप सरकलं. जेबानं पुन्हा लावायला सांगितलं, मग आवाज मोठा करून पुन्हा. गोवर्धननं तर लॅपटॉपला कान लावला.

“आपण तिघं येडे झालो का बे?” तो म्हणाला.

घरी येऊन जेबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिची आई रजियाबी आत आली. चादर काढायला तिनं कोपऱ्यातल्या लाकडी पेटीला हात घातला आणि पेटीचं पट्ट्यापट्ट्यांचं शटर सरकवलं.

खर्रर्र.

जेबा उठून बसली. “अम्मी, फिरसे खोलो!”

“चादर चाहिए क्या?”

“चादर नहीं. शटर!”

ती जुन्या टीव्हीची पेटी होती. टीव्ही कधीच मोडीत गेला होता. पेटीत आता अंथरुणं होती. त्या काळी रजियाबीला वाटायचं, की काचेवर उजेड पडून टीव्ही झिजतो. म्हणून शीर्षकाचं संगीत संपेपर्यंत ती शटर उघडायची नाही. अख्खी गल्ली समोर श्वास रोखून बसायची. तिकडे यानाचं दार उघडायचं आणि नेमकं तेव्हाच इकडे शटर.

जेबानं दानियालला फोन लावला. “तुमच्या टीव्हीले शटर होतं?”

पलीकडे तो हसायलाच लागला. “होतं. अब्बा कुलूप लावायचे त्याले, संगीत संपल्यावरच काढायचे.”

दुसऱ्या दिवशी पेटी टेम्पोत चढली. पेटीवर भरवसा नको म्हणून सोबत रजियाबीही चढली. शेतात मायक्रोफोन लागला, सगळ्यांना गप्प बसवलं गेलं आणि रजियाबीनं स्वतःच्या हातानं शटर उघडलं. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. दानियाल कानांवरचे हेडफोन काढून नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

रजियाबीचं लक्ष मात्र कॅप्टनकडे होतं. मुंबईचा नट, चंदेरी कपड्यांत घामानं निथळत होता.

“बेटा, ये कप्तान खाता कब है?” तिनं दानियालला विचारलं.

जेबानं मनातल्या मनात सगळे भाग तपासले. इतक्या भागांत कॅप्टननं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. हे इतक्या वर्षांत मंडळातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“भुका मारून राहिले का त्याले?” आशाबाई मध्येच म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

ती ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली. दानियालनं कॅमेरा सुरू करायला लावला. कॅप्टन भेगाळलेल्या ग्रहावर मांडी घालून बसला, त्यानं अनोळखी अन्नाचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. तो चावता चावता थांबला. त्यानं आकाशाकडे पाहिलं. त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“कट करू नका,” दानियाल कुजबुजला.

“पाणी द्या त्याले!” आशाबाई ओरडली. तेवढं मागाहून कापावं लागलं.

तो भाग लागला आणि मंडळाचे फोन खणखणू लागले. दाराच्या आवाजाबद्दल नागपूरकर खूश, पुणेकर साशंक. पण अश्रूंवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पुण्याच्या एका गृहस्थांनी जेबाला अर्धा तास समजावून सांगितलं, की त्या घासात कॅप्टनला हरवलेली पृथ्वी आठवली, आणि असा अभिनय मूळ मालिकेतही झाला नव्हता.

“बरोबर हाय तुमचं,” जेबा म्हणाली. समोर गोवर्धन तोंडात रुमाल कोंबून बसला होता. “एकदम बरोबर हाय.”