पळसपानातला घास

पौषातलं ऊन कोवळं असतं, केशरगौर असतं, आणि जरासं आळशीही असतं. सातपुड्याच्या नीलधूसर कड्यांवरून ते सावकाश उतरतं, कापूसधवल रानांतून, तुरीच्या पीतपुष्पित धुऱ्याबांधांवरून रमतगमत येतं, आणि वेशीजवळच्या गल्लीत पोचेपर्यंत निम्मी गल्ली चहा पिऊन मोकळी झालेली असते. मग ते दारोदार बसतं. सगळ्यांत जास्त वेळ बसतं यादोरावांच्या ओट्यावर, कारण तिथून त्याला कुणी उठवत नाही.

यादोराव एकटे होते. पत्नी द्वारकाबाई गेल्या त्याला दोन पावसाळे लोटले होते. लेकरूबाळ नव्हतंच. पैशाची चणचण नव्हती. चणचण होती ती गुडघ्यांची. किराण्याचं दुकान वेशीपलीकडे, आणि वेस आता परदेशाइतकी लांब गेली होती.

एके काळी या गल्लीत वाट्या हिंडत. पितळी वाट्या, काशाच्या वाट्या, कल्हईने चंद्रशुभ्र झालेल्या तांब्याच्या वाट्या. या दारातून त्या दारात, पदराखाली झाकलेल्या, वाफाळलेल्या, सुगंधगर्भ. कुणाकडे भरीत झालं की गल्लीभर भरीत, कुणाकडे पुरण शिजलं की गल्लीभर सण. आणि या सगळ्या येण्याजाण्याची राणी होती द्वारकाबाई.

तिचा एकच नियम होता. आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. चैत्रात त्यात कैरीची फोड जाई, श्रावणात नारळाची वडी, पौषात तुरीचे हिरवेगार सोले, आणि काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं म्हणजे रिकामं मन, ती म्हणायची, आणि वाटी परत देताना अशी हसायची की घेणारीला वाटावं, साखर आपण उगाच मोजतोय.

ती गेली. नियम राहिला.

समोरच्या घरातली वेणू, लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा द्वारकाबाईंनीच तिला भाकरी थापायला शिकवलेली, रोज दुपारी एक वाटी घेऊन यायची. यादोराव वाटी घेत, आणि परत देताना तिच्यात शेंगदाणे टाकत, गुळाचा खडा टाकत, साखर टाकत. मग घरातले डबे एकेक करून तळ दाखवू लागले. 'एवढं आणून दे' म्हणणं त्यांच्या जिभेला जन्मात जमलं नव्हतं. वाघासारखा माणूस, पण मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. अशा माणसांचं करायचं तरी काय?

एका सकाळी वेणूच्या उंबऱ्यावर तिची वाटी होती. घासूनपुसून लख्ख केलेली. आत फक्त तुळशीची एक सुकी मंजिरी होती. वेणूनं ती मंजिरी तळहातावर घेतली, आणि तिला समजलं की समोरच्या घरात आता द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

त्या दिवसापासून यादोराव वाटी घेईनासे झाले. "जेवून बसलो न मी, पोरी," दार किलकिलं करून ते म्हणत, "घेऊन जाय वापस." दाराच्या फटीतून वेणूला थंड चूल दिसे, आणि पाटावर पाण्यात भिजवलेले मुरमुरे. रोज तेच. खांदे वाळत चालले होते, आवाज वाळत चालला होता, आणि नियम तेवढा हिरवा होता.

गल्लीत खल झाला. कुणी म्हणालं, किराण्याचं पोतंच दारात ठेवून येऊ. वेणूनं मान हलवली. ते पोतं ओढत परत आणून देतील आणि त्यातच पडतील. शेवटच्या घरातल्या नसीमबीही तिथंच होत्या. त्या पळसाच्या पानांना काडी टोचत बसल्या होत्या, नवऱ्याच्या मिठाईच्या दुकानासाठी द्रोण लावत. ते दिवस कागदी द्रोणांचे नव्हते. वेणू त्या हातांकडे बघत राहिली. हिरवं पान, बारीक काडी, पान, काडी. मग तिनं त्यांच्या टोपलीतला एक द्रोण उचलला आणि काही न सांगता घरी गेली.

दुपारी ती यादोरावांच्या दारात होती. द्रोणात वांग्याचं भरीत, वर पातीचा कांदा, शेजारी ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. यादोरावांनी नेहमीचं वाक्य तोंडात जुळवलं, तोच ती म्हणाली, "भांडं नाही आनलं मामाजी. पानात हाय. पान काही वापस द्या लागत नाही."

यादोराव पानाकडे बघत राहिले. डाव त्यांना कळला. न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. पण नियमाला कुठे ओरखडा नव्हता, आणि भरिताचा धूरकट, खमंग वास फार दिवसांनी त्या घराच्या उंबऱ्यावर उभा होता. त्यांनी हात पुढे केले. भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी दारात उभ्यानंच मोडला.

मग गल्लीत पानं हिंडू लागली. हरितमृदुल द्रोण, मध्ये पिवळं वरण. हरितमृदुल द्रोण, मध्ये नसीमबींची गुळाची खीर. रोज एका घरानं, ठरवून, आणि ठरवलेलं नाही असं दाखवून. माघ सरेस्तोवर यादोरावांच्या आवाजाला ओल आली. ओट्यावर बसून ते पुन्हा येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारू लागले. गल्लीला इतकं बरं वाटलं की टोमण्यांचा कुणी राग धरला नाही.

पण ऋतूला कुणाची दया येत नाही. फाल्गुन आला. रानातले पळस निष्पर्ण झाले आणि अग्निवर्ण, रक्तकेशरी फुलांनी पेटले. इतकं रूप, आणि एक पान नाही. नसीमबींची टोपली रिकामी झाली. आठवडी बाजारातही पानांचे जुडगे येईनासे झाले.

त्या दुपारी वेणूच्या चुलीवर आमटी उकळत होती आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. वाटी न्यावी तर दार किलकिलं होणार, 'जेवून बसलो' होणार, मुरमुरे होणार. ती पळी हातात धरून नुसती उभी होती. तेवढ्यात अंगणात काठी वाजली.

उंबऱ्याशी यादोराव होते. गल्ली ओलांडून आल्यानं धापा टाकत होते. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काशाची वाटी. त्यांनी ती पुढे केली. मागायचा शब्द त्यांच्या जिभेवर पहिल्यांदाच येत होता.

"थोडी आमटी दे, पोरी," ते म्हणाले. "वाटी माही हाय. रिकामी वापस धाडू नको बरं. द्वारकेले चालत नाही."

वेणूनं वाटी घेतली, काठोकाठ भरली, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या दोन्ही हातांत दिली. काठी धरायला हात उरला नाही, म्हणून ती तिनं उचलली. आणि मग दारादारांत उभ्या राहिलेल्या, न बघितल्यासारखं करणाऱ्या बायांमधून ती दोघं निघाली. मागे वेणू, तिच्या हातात काठी. पुढे वाटी, वाटीवर वाफ. आणि वाफेआड एक म्हातारा चेहरा, सावकाश, सावकाश, ओला.