चार गेजची वायर

लालासाहेबांनी जयराजच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि बॅटरीवरून निघालेली वायर बघून त्यांना हसूच आलं.

"जयराज, ही विहिरीच्या मोटरीची वायर न्हवं का रं?"

"उरली हुती," जयराज ओशाळून म्हणाला. "तांब्याचीच हाय की."

"तांब्याची हाय, पर लय बारीक. हात लावून बघ, कशी तापलीया."

जयराजची बायको संयोगिता साक्षीला कडेवर घेऊन लालासाहेबांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. साक्षी दीड वर्षाची. चार महिन्यांपूर्वी मेंदूज्वरानं अकरा दिवस दवाखान्यात काढून आलेली. त्याआधी गाडीत गाणं लागलं की पोरगी आईच्या मांडीवर बसल्या बसल्या उड्या मारायची. घरी आल्यापासून नुसती खिडकीबाहेर बघत राहायची. जुन्या स्पीकरचा आवाजच कुठं येतो, असं म्हणत जयराजनं डिकीत मोठा स्पीकरचा बॉक्स आणि ॲम्प्लिफायर बसवला. पण ढोलाचा ठेका आला की हेडलाइट मिचमिचायचे, ॲम्प्लिफायर बंद पडायचा. "गाणं धड वाजतंय कुठं, पोर कशाला वळंल?" तो घरी सगळ्यांना सांगायचा. सासूबाई म्हणायच्या, "आजारानं मलूल झालीया. हुईल पहिल्यासारखी."

डॉक्टरांनी दिलेली कानाच्या तपासणीची चिठ्ठी दोन महिने संयोगिताच्या पर्समध्ये होती. त्यासाठी सांगलीला जायचं होतं. पर्स उघडली की ती हाताला लागायची, आणि संयोगिता दुसरंच काहीतरी शोधू लागायची. इथंच कराडच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकलेली ती. तिलाही वाटायचं, आधी वायर तर नीट होऊ दे.

"ॲम्प्लिफायर किती वॅटचा हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"खोक्यावर पंधराशे लिवलंय."

"खोक्यावरचं धरू नका," संयोगिता म्हणाली. "फ्यूज बघा. तीसचे दोन आहेत, म्हणजे साठ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर लागते. चार गेजची जाड वायर द्या. आणि निव्वळ तांब्याची, आत ॲल्युमिनियम असलेली नको."

लालासाहेबांनी जयराजकडं बघितलं. "घरात इंजिनियर असताना मोटरीची वायर वढतोस व्हय?"

जयराज हसला. लई दिवसांनी हसला.

दोन तास ती कामावरून हलली नाही. अर्थची वायरही तेवढीच जाड घ्यायला लावली, ती जोडायला रंग खरवडून पत्रा उघडा झालाय ना ते वाकून बघितलं. मोठा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच लावून घेतला. साक्षी मागच्या सीटवर वायरीच्या लाल तुकड्याशी खेळत होती.

"लाव आता," लालासाहेब म्हणाले.

जयराजनं तेच गाणं लावलं. बाकड्यावरचे पाने थरथरले. समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. ठेक्यामागून ठेका पडला, हेडलाइट हलले नाहीत. संयोगितानं वायरीला हात लावला. गार होती.

साक्षी डिकीकडं पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

जयराजनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. लालासाहेबांनी हातातला पाना हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात लाल तुकडा सीटच्या फटीत पडला. उठायला म्हणून साक्षीनं सीटच्या थरथरत्या पाठीवर तळहात टेकला आणि ती थबकली. हात काढला. परत टेकला. मग खुदकन हसली आणि आपल्या तळहाताकडं बघत राहिली.

"हासली," जयराज म्हणाला. "बघितलंसा का लालासाहेब, हासली." मग त्याला संयोगिताचा चेहरा दिसला आणि त्याचा हात बटणाकडं गेला.

"बंद नका करू," ती म्हणाली. "तिचा हात आहे अजून."

तिनं पर्स उघडली, चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली, तारखेवर बोट ठेवलं.

"दोन म्हयनं?"

"हो."

"मला दाखवली असतीस तर..." पुढचं त्यानं गिळलं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"आत्ता निघालो तर दवाखाना बंद व्हायच्या आत पोचू," संयोगिता म्हणाली आणि मागं साक्षीजवळ जाऊन बसली.

जयराजनं गाडी वळवली. सांगलीच्या रस्त्याला लागली तरी त्यानं गाणं बंद केलं नाही. मध्येच एकदा साक्षीनं आईचा हात ओढला आणि आपल्या हाताशेजारी सीटच्या पाठीवर ठेवला.