दगडी बिल्डिंगचा मागचा जिना

मी मंचरची दगडी बिल्डिंग बोलतेय. नाशिककडे जाणाऱ्या एसटीतली माणसं मंचर सोडता सोडता खिडकीतून मान बाहेर काढून जिच्याकडे बघतात, ती मीच. कागदोपत्री माझं नाव 'हौशीराम मॅन्शन' आहे, पण ते घेताना लोकांची जीभ अडखळते. माझं तोंड हायवेकडे आहे आणि ते देखणं आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय. आज मात्र मला तोंड वर करून बोलवत नाही. माझ्या पाठीला काय होतं, ते सांगायचंय.

हौशीरामशेठ हे माझे मालक. कांदा-बटाट्याचे व्यापारी. तरुणपणी ते दर हंगामाला नवे बटाटे घेऊन मुंबईच्या एका बड्या शेठच्या घरी जायचे. तो शेठ दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या एका इमारतीत राहायचा. गोलाकार गॅलऱ्या, कमानीवर कोरलेली पानंफुलं, जाळीच्या दाराची लिफ्ट, रुंद दगडी जिना आणि पितळी कठडा. ती इमारत हौशीरामशेठच्या डोक्यात जी बसली ती निघेचना. पुढे धंद्याला बरकत आली तसा त्यांनी पुण्याचा आर्किटेक्ट गाठला, त्याला मुंबईला नेऊन ती इमारत चारी बाजूंनी दाखवली आणि सांगितलं, "हुबेहूब अशीच पायजेल. मंचरला."

मंचरला तेव्हा कुणी फ्लॅट हा शब्दही नीट बोलत नव्हतं. शहाण्णव साली माझा पाया खणला, तेव्हा बघ्यांची जत्रा भरली होती. गुजरातेतून ट्रक भरून दगड आला. चुनखडीचा, सायीच्या रंगाचा. आता खरं सांगायचं तर तो फक्त माझ्या पुढच्या अंगाला आणि आतल्या जिन्याला लावला. मागे साध्या विटा आणि गिलावा. वरून इस्त्रीचा सदरा आणि आत फाटका बनियन, असा माझा थाट.

दगड बसवणारा सावळेराम पाथरवट आणे पठारावरचा होता. उभा जन्म त्याचा काळ्या दगडात गेलेला. या दगडाला छिन्नी लावून त्याने मान हलवली आणि म्हणाला, "शेठ, ह्यो दगूड लई मऊ हाय. पायांनी झिजंल."

"मंग जपून वापरू," शेठ म्हणाले. त्या वेळी मला केवढं कौतुक वाटलं होतं त्या वाक्याचं!

राहिला मागचा जिना. मुंबईच्या इमारतीला पाठीमागून गोल गोल वर जाणारा एक लोखंडी जिना होता, प्रत्येक घराच्या मोरीपाशी दार असलेला. आर्किटेक्ट म्हणाला, याची आता गरज नाही, आता सगळ्या घरांत फ्लशचे संडास असतात. संडासाचा आणि जिन्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही आणि त्याने उलगडून सांगितलं नाही. शेठ तर ऐकूनच घेईनात. तिकडे आहे म्हणजे इकडे पाहिजे, एवढाच हेका. मग नारायणगावच्या एका फॅब्रिकेटरने तो बनवला आणि माझ्या पाठीत बोल्ट ठोकून बसवला. मला तो दागिनाच वाटला. अंबाड्यावर मागून खोचलेला आकडा असतो ना, तसा.

माणसं राहायला आली. स्वतः शेठ सगळ्यात वर. एक डॉक्टर, एक कोल्ड स्टोरेजवाले, एक वकील. वर्षभरात कुणाचं तरी कपाट ओढत नेताना पुढच्या पायरीचा कोपरा उडाला आणि शेठना सावळेरामचं बोलणं आठवलं. सोसायटीची बैठक झाली आणि दारात पाटी लागली: 'टोपली, पोतं, गाठोडं घेऊन येणाऱ्यांनी मागील जिना वापरावा.' माझा दगड मऊ म्हणून ती पाटी लागली, हे विसरू नका. मी तर विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

दोन हजार तीन साली तिसऱ्या मजल्यावर राजरत्न राहायला आला. टेलिफोन खात्यात नोकरी, बायको यशोधरा शाळेत शिक्षिका आणि तेजस्विनी नावाची एक चुणचुणीत मुलगी. गाव पिंपरी पेंढार. घर बघायला आला तेव्हा त्याने खोल्या धड बघितल्याच नाहीत. खालच्या दगडी जिन्यावर हात फिरवत बायकोला म्हणाला, "आईला ह्याच्यावरून वर न्यायचंय. बस. बाकी घर कसंबी असू दे." त्याने घर घेतलं ते त्या जिन्यासाठी.

राहायला आल्यावर त्याने बुद्धवंदना ठेवली. आईला सकाळच्या एसटीने बोलावलं आणि स्वतः स्टँडवर आणायला जाणार होता, पण ऑफिसात लाइन बंद पडली म्हणून अडकला. द्रौपदाबाई एकट्याच आल्या. म्हणजे अगदी एकट्या नव्हे. आळेफाट्याला एसटीत त्यांच्या शेजारी डॉक्टरांची आई झुंबरबाई येऊन बसली होती, आणे गावची. दोघींच्या वाटेत गप्पा जुळल्या, सुनांचं बोलून झालं, गुडघ्यांचं बोलून झालं आणि हसत हसत दोघी माझ्या दारात आल्या. दोघींच्या डोक्यावर गाठोडं. झुंबरबाईंचं जरा मोठंच.

दारात कुशाबा वॉचमन. मेंढरं विकून नोकरीला लागलेला गरीब माणूस, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने विचारलं, कुणाकडे? एकीने डॉक्टरांचं नाव सांगितलं, दुसरीने राजरत्नचं. कुशाबाने झुंबरबाईंच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि लिफ्टचं दार उघडलं. द्रौपदाबाईंना म्हणाला, "मावशी, गाठोडं हाय. तुमी मागनं जावा. पाटी हाय बघा."

झुंबरबाईंनी एकदा द्रौपदाबाईंकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गाठोड्याकडे. बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मग खाली बघून लिफ्टमध्ये शिरल्या. आणि मी? एवढी दगडाची, एवढी उंच, आणि माझ्याच दारात हे झालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

द्रौपदाबाई वळसा घालून मागे आल्या. जिना बघितला आणि थबकल्या. मग गंजू लागलेल्या कठड्यावर हात ठेवून, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "इथंबी आलास व्हय तू?"

आणि चढल्या. मोरीपाशी दार वाजलं तेव्हा यशोधरा चमकली. त्या म्हणाल्या, हिकडून स्वयंपाकघर जवळ पडतं, गाठोड्यातलं पीठ सांडायला नको. राजरत्न धावतपळत आला आणि त्याने पहिलंच विचारलं, "आई, जिना बघितला का? कसा वाटला?"

"लई ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "दगूड न् दगूड बघितला."

लेकाच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून ती माउली खोटं बोलली, आणि पुढे वर्षानुवर्षं ते निभावत राहिली. राजरत्न बरोबर असला की त्या पुढून चढायच्या. कुशाबा सलाम ठोकायचा. एकट्या आल्या की मागून. उन्हाळ्यात तो लोखंडी जिना तव्यासारखा तापायचा. पावसाळ्यात निसरडा व्हायचा. मजल्यामजल्याला टेकत, गुडघ्यावर हात ठेवत त्या वर यायच्या आणि दारापाशी पदराने घाम पुसून मगच कडी वाजवायच्या. नातीला मात्र कायम वाटायचं, आजीला मागचा जिनाच आवडतो.

हायवेच्या धुराने तोवर माझा सायीचा रंग काळवंडला होता. कुणीतरी संडासाचं ॲसिड ओतून मला घासलं, तर दगड फसफसला आणि तोंडावर देवीचे व्रण उठले. लोक हळहळले. मला मनातून बरं वाटलं.

दोन हजार सात साली शेठच्या नातीचा, प्रांजलचा, साखरपुडा होता. खालच्या दगडी जिन्यावर झेंडूच्या माळा, फोटोवाले, पाव्हण्यांची गर्दी. प्रांजल आणि तेजस्विनी मैत्रिणी, म्हणून द्रौपदाबाईंनी प्रांजलसाठी स्वतः गोधडी शिवून आणली होती. पण गोधडी गाठोड्यात बांधलेली होती, आणि कुशाबाच्या हाताला सवय होती. त्याने नुसतं बोट दाखवलं.

मागच्या जिन्यावर त्या वेळी हौशीरामशेठ बसले होते. डोक्याला फेटा, अंगात नवा कोट, आणि घरच्यांची नजर चुकवून बिडी. खालून द्रौपदाबाईंना वर येताना बघून त्यांनी बिडी विझवली.

"तुमी राजरत्नच्या आई न्हवं? हिकडून कशापायी?"

"गाठोडं हाय ना, शेठ. पाटीवर लिवलंय."

"ती पाटी तुमच्यासाठी न्हाई, बाई."

"मंग कुणासाठी हाय?"

तेवढ्यात वर मोरीचं दार उघडून तेजस्विनी बाहेर आली होती, आजीचं गाठोडं घ्यायला. ती तिथेच थांबली.

द्रौपदाबाई श्वास घेत कठड्याला टेकल्या. म्हणाल्या, "मुंबईला माझी आय असल्या जिन्यानं चढायची. घराघरातले संडास धुवाया. मी तिच्या मागं, खराटा घेऊन. छप्पन सालात आयनं खराटा टाकला अन् आमी गावाकडं आलो. इथं तर समद्यांच्या घरात फ्लश हाय, शेठ. तुमी हा जिना कशाला बांधला?"

शेठनी हातातली विझलेली बिडी कठड्याबाहेर टाकली. मग म्हणाले, "मीबी त्याच जिन्यानं चढलोय. बटाट्याची पोती घेऊन. पुढच्या जिन्यावर गुरख्यानं एकदाबी पाय ठिवू दिला न्हाई."

"अन् तरीबी बांधला?"

"मला वाटलं... आपल्याबी घराला मागचा जिना पायजे."

हे ऐकलं आणि माझी वीट न् वीट शरमली. पुढचा रुंद जिना, पितळी कठडा, कमान, हे सगळं या माणसाने खालच्या फुटपाथवरून बघितलं होतं. आतून त्याला ठाऊक होता तो मागचाच. आणि तोच त्याने जसाच्या तसा आणून दुसऱ्याच्या पायाखाली दिला होता.

द्रौपदाबाईंनी वर बघितलं, तर तेजस्विनीचे डोळे भरलेले. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "तुझ्या बापाला बोलू नगं. त्यानं लई हौसेनं घर घेतलंय."

साखरपुडा उरकल्यावर शेठनी पाटी स्वतः उपटली. आठवड्याभरात गॅस कटरवाला बोलावून जिना कापला. सोसायटीत कुरकूर झाली की आता दूधवाला आणि भांडीवाल्या पुढून येणार, दगड खराब होणार. शेठ म्हणाले, होऊ दे. राजरत्नने जेवताना आईला विचारलं, "मागचा जिना का काढला गं?"

"गंजला व्हता," त्या म्हणाल्या. तेजस्विनी ताटात बघत राहिली.

आता माझ्या पाठीवर बोल्टची भोकं तेवढी उरलीत. सोसायटीला ती बुजवून रंग द्यायचाय. नका बुजवू. तोंडावरचे व्रण हवे तर बुजवा, पाठीवरचे राहू द्या. पुढे कुणी मला बघून हुबेहूब अशीच इमारत बांधायला निघाला, तर त्याने मागे येऊन ती भोकं बघावीत आणि ती कशाची, हे विचारावं.

द्रौपदाबाई अजून येतात. आता काठी टेकत. आधी सवयीने मागे वळतात, जिना नसलेली भिंत बघतात आणि मग पुढे येतात. कुशाबा "या आई" म्हणून उठून उभा राहतो, गाठोडं घ्यायला हात पुढे करतो. त्या देत नाहीत. आणि लिफ्टकडे न जाता दगडी जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबून पायातल्या चपला काढून हातात घेतात. काल तेजस्विनीने विचारलं, आजी, चपला का काढल्या? तर म्हणाल्या, "दगूड मऊ हाय म्हणं. झिजंल."

मला दगडाचं तोंड आहे, त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. कधी मंचरला आलात आणि माझ्या दारात हातात चपला घेतलेली म्हातारी दिसली, तर तिला माझा एवढा निरोप सांगा: आई, चपला घाला आणि चढा. झिजू द्या मला.