न वाजणारं काडतूस

अबू हमद दुकानात आले तेव्हाच त्यांचं ठरलेलं होतं. ऑगस्टमध्ये ते टांझानियाला रानरेड्याच्या शिकारीला जाणार होते आणि त्यांना चारशे अठ्ठावन्नची रायफल हवी होती, कारण त्यांच्या धाकट्या भावाकडे चारशे अठ्ठावन्न होती. हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. रानरेड्याला चालणारी त्याहून लहान रायफल तीनशे पंचाहत्तरची. तिच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

मला तिथे लागून तीन आठवडे झाले होते. त्याआधी दुबईच्या एका लॅबमध्ये मी बांधकाम चालू असलेल्या इमारतींची कंपनं मोजत होते. २००९च्या जानेवारीत टॉवरच थांबले, तेव्हा मोजायला काही उरलं नाही. अबू धाबीतल्या या शिकारीच्या दुकानाला गिऱ्हाइकांना सल्ला द्यायला फिजिक्स शिकलेलं माणूस हवं होतं, एक महिन्याच्या ट्रायलवर. माझा नवरा सुजीत, त्याचाही पगार निम्मा झाला होता. हे काम टिकलं नाही तर मी आमच्या मुलीला, सृष्टीला घेऊन पुण्याला जायचं आणि त्याने दुबईतच अल क्वोजमध्ये मित्रांच्या खोलीत राहायचं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. सृष्टीने "आय ॲम नॉट गोइंग" एवढंच सांगितलं आणि दार लावून घेतलं. आईला मी फोनवर खेळाच्या सामानाचं दुकान असं सांगितलं होतं.

अबू हमद माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. मी त्यांच्यासमोर तक्ता ठेवला. लहान रायफलच्या गोळीची ऊर्जा पाच हजार सातशे ज्यूल, मोठीची साडेसहा हजार. म्हणजे मारा सुमारे पंधरा टक्के जास्त. पण खांद्याला बसणारा धक्का पंचावन्न टक्के जास्त. मला स्वतःला हे दोन आकडे शेजारी दिसले तेव्हा इतका आनंद झाला होता की रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं राहिलं. अबू हमदनी कागद शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि त्यांच्या मुंबईत शिकलेल्या हिंदीत म्हणाले की खांदा त्यांचा आहे, त्याची काळजी मी करू नये.

खैरुद्दीनभाई काउंटरमागे हसले. ते श्रीवर्धनचे, वीस वर्षं या दुकानात. "बाय, हिशोब तुझा बरोबर आहे," ते मला नंतर म्हणाले. "पण माणूस कागदाला खांदा लावून गोळी मारत नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही त्यांना शहराबाहेरच्या रेंजवर नेलं. त्याच दिवशी माझा महिना संपत होता. आफ्रिकेत वापरतात तशा तीन काठ्यांच्या तिवईवर नळी टेकवून, उभं राहून, पन्नास मीटरवर नेम धरायचा होता. अबू हमद साठीचे असले तरी त्यांचा हात स्थिर होता. पहिली गोळी मध्यापासून चार बोटांवर लागली. दुसरी एक वीत खाली. तिसरी त्याहून खाली. त्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग काडतुसांना, मग नेमाच्या दुर्बिणीला. दुर्बीण बदलली. चौथी गोळी लक्ष्याच्या कागदाला लागलीच नाही.

मी वहीत प्रत्येक गोळीची जागा टिपत होते. चुकीची दिशा दर वेळी एकच होती, आणि पहिल्या धक्क्यानंतर चूक वाढत गेली होती. दोष रायफलमध्ये असता तर पहिली गोळीही तशीच गेली असती. माझ्या मानेवर काटा आला, लॅबमध्ये आलेख एकदम सरळ रेषेत बसला की यायचा तसा. त्यांचं अंग धक्क्याची वाट पाहत होतं, आणि चाप ओढण्याच्या क्षणी आधीच खाली दबत होतं.

मी खैरुद्दीनभाईंना बाजूला घेऊन विचारलं, दारू नसलेलं काडतूस आहे का. ते लगेच समजले. सरावाची खोटी काडतुसं त्यांच्या पेटीत होती. खऱ्यांत एक मिसळायचं, नेम धरणाऱ्याला सांगायचं नाही. आवाज होत नाही, धक्का बसत नाही, फक्त माणूस काय करतो ते दिसतं.

"दिसतं, आणि सगळ्यांनाच दिसतं," ते म्हणाले. "त्यांचे दोन दोस्त मागे उभे आहेत. त्यांच्यासमोर तू त्यांना घाबरट ठरवणार. मग ते निघून जातील, आणि तूही."

"मग आधी माझ्यावर करा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कधी मारली आहेस का गोळी?"

नव्हती मारली. महिनाभर मी ज्याबद्दल सल्ला देत होते, त्याचं एकही मोजमाप माझ्या अंगाला झालेलं नव्हतं.

मी अबू हमदना सांगितलं की मला एक प्रयोग स्वतःवर करून पाहायचा आहे, तोवर त्यांनी चहा घ्यावा. काय भरणार तेही सांगितलं. फक्त कधी, ते खैरुद्दीनभाईंनाच ठाऊक असेल. मी तीनशे पंचाहत्तर उचलली, कानांवर आवाज अडवणारे मफ लावले, ओढणी कमरेला बांधली. खैरुद्दीनभाईंनी हाताच्या आड काडतुसं भरली. मी तोंड फिरवून उभी होते.

पहिलं खरं निघालं. खांद्याला कोणीतरी दार आपटल्यासारखं झालं, नळी आभाळाकडे गेली, आणि मला मोठ्याने हसू आलं. तक्त्यात या रायफलच्या धक्क्यापुढे लिहिलेले चोपन्न ज्यूल मला पहिल्यांदा भेटले होते. मला लगेच दुसरी हवी होती. पुन्हा नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

टक्.

आवाज एवढाच झाला. पण माझी नळी वीतभर खाली गेली होती, डोळे घट्ट मिटलेले होते आणि मी आख्खी पुढे झुकले होते, न बसलेल्या धक्क्याला उत्तर देत.

अबू हमद इतके हसले की चहा त्यांच्या पांढऱ्या पायघोळ अंगरख्यावर, कंदुऱ्यावर सांडला. दोस्तही हसले. मीही हसले, आणि वहीत लिहिलं: मैथिली, एक वीत.

मग त्यांनी पेला खाली ठेवला. कंदुऱ्यावरचा डाग पाहिला, लक्ष्याचा कागद पाहिला, मग माझी वही.

"हमारे लिए भी भरो," ते म्हणाले. "बडी वाली में."

चारशे अठ्ठावन्न. पहिली खरी, पुन्हा खाली. दुसऱ्या वेळी टक् झालं आणि ती जड नळी अशी खाली गेली की तिवईची एक काठी सरकली. कोणी हसलं नाही. मी वहीतून मान वर केली नाही.

त्यांनी न विचारताच तीनशे पंचाहत्तर उचलली. पहिल्या टक्‌ला नळी दोन बोटं दबली. दुसऱ्याला एक. आता ते एखाद्या पोराच्या हट्टाने पुढचं काडतूस मागत होते, आणि प्रत्येक टक्‌नंतर माझ्याकडे वळून बोटांनी विचारत होते, किती. पाचव्या खोट्या काडतुसाला नळी हललीच नाही. मागोमाग खरी निघाली आणि काळ्या वर्तुळाच्या मधोमध लागली. "खलास," त्यांचा एक दोस्त हळूच म्हणाला.

अबू हमदनी खिशातून माझा घडी केलेला तक्ता काढला आणि पंधरा टक्क्यांवर बोट ठेवलं. एवढ्याशासाठी, ते म्हणाले, रेडा जखमी होऊन अंगावर आला असता. मग त्यांनी तीनशे पंचाहत्तर बांधायला सांगितली. गाडीकडे जाता जाता ते थांबले, परत आले आणि मला म्हणाले, "कल मैं भाई को लाता हूँ. उसकी चार सौ अट्ठावन भी लाता हूँ. उसको पहले से कुछ मत बोलना."

त्यांच्या आवाजात इतकी खुशी होती की मला हो म्हणताना ओठ दाबावे लागले.

गाडी निघून गेल्यावर खैरुद्दीनभाई वाळूतून रिकामी काडतुसं वेचू लागले. खोटी सात त्यांनी वेगळी पुसून पेटीत ठेवली.

"उद्या शुक्रवार आहे, दुकान बंद," मी आठवण करून दिली.

"तो भावाला घेऊन येणार म्हणजे रेंज उघडी," ते म्हणाले. "आणि येताना पासपोर्ट आण, बाय. व्हिसाचे कागद रविवारीच टाकून देऊ."

माझा खांदा आता चांगलाच ठणकत होता. मी वही उघडली आणि ठणका सुरू झाल्याची वेळ टिपली.